फारसीला व्याकरणच नाही? असं नाही

‘फारसीत लिंग नाही, अनेकवचन नाही, वाक्याचा क्रम आपलाच, आणि किती विचारायचं तर नुसतं ‘चंद’ लावा. मराठी माणसाला आठवड्यात येईल,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो वाचून कुणी शिकायला बसलं तर आनंदच आहे. पण चुकीच्या भरवशावर बसलेला माणूस दुसऱ्याच धड्यात उठून जातो, म्हणून हे लिहायलाच हवं.

लिंग नाही, हे खरं. आला, आली, आलं, तिन्हींना ‘आमद’. पण क्रियापदाला प्रत्यय लागतातच: रफ्तम म्हणजे मी गेलो किंवा गेले, पुढे रफ्ती, रफ्त, रफ्तीम, रफ्तीद, रफ्तंद. ‘मी’ गाळला तरी चालतं, प्रत्यय गाळून चालत नाही.

अनेकवचन नाही, हे साफ चूक. ‘केताब’चं ‘केताबहा’ होतं. गैरसमजाचं मूळ मात्र कळतं: संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं. तीन पुस्तकं म्हणजे ‘से केताब’. ‘किती’नंतरही तसंच.

आणि ‘किती’ एकट्या ‘चंद’वर भागत नाही. मोजायच्या गोष्टींना चंद. पाणी, साखर यांना ‘चेगद्र’. बोलताना वस्तूंच्या आधी ‘ता’ येतो: ‘चंद ता केताब दारी?’, तुझ्याकडे किती पुस्तकं आहेत? माणसांना ‘चंद नफर’. दिवसांना ‘ता’ लागत नाही, नुसतं ‘चंद रूझ’. भाव विचारताना मात्र चंद चालतं: ‘ईन चंद अस्त?’ शब्दाची जागाही सांभाळावी लागते. ‘चंद साअत?’ म्हणजे किती तास, आणि ‘साअत चंद अस्त?’ म्हणजे किती वाजले!

क्रम आपलाच? क्रियापद शेवटी येतं, एवढंच. मोठं पुस्तक म्हणजे ‘केताब-ए बोझोर्ग’, विशेषण नामानंतर. तेहरानहून म्हणजे ‘अझ तेहरान’, अव्यय नामाआधी. आपली खरी दमछाक भूतकाळात होते. मी भात खाल्ला, पोळी खाल्ली: आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फारसीत दोन्हीकडे ‘खोर्दम’, कर्त्याला धरून. त्यात कर्म ठरावीक असेल तर ‘रा’ हवाच. ‘केताब खांदम’ म्हणजे पुस्तक वाचलं, कुठलंही; ‘केताब रा खांदम’ म्हणजे ते, आपण बोलत होतो तेच पुस्तक वाचलं. हा ‘रा’ पहिल्या दिवसापासून कानावर पडू द्या, कारण तेहरानच्या बोलण्यात तो आक्रसतो आणि हेच वाक्य ‘केताबो खूंदम’ असं ऐकू येतं.