वाढदिवस बालगृहातच करा

भाऊ, यंदाचा वाढदिवस बालगृहातच करा. शेतात पार्टी दिली तर माणसं मटण खातात आणि रश्श्यालाच नावं ठेवतात. बालगृहात पन्नास पोट्टे अर्धं केळं खातात आणि टाळ्या वाजवतात. तीन डझनात काम भागतं. बिस्किटाचे पुडे पाच रुपयेवाले घ्या, फोटोत ढीग मोठा दिसतो.

चारची वेळ द्या आणि सातला या. पोट्टे डोक्याला तेल चोपडून चारपासून रांगेत बसलेले असतात, त्यांना दुसरं काम काय? मी दहा वर्षं त्या रांगेत बसलो. स्वागतगीत आजही झोपेत म्हणू शकतो. त्यात पाहुण्याच्या नावापुरती जागा मोकळी असते. एकदा सवयीनं आम्ही मागच्या रविवारच्या पाहुण्याचं नाव घेतलं. समोर बसलेले निघाले विरोधी पार्टीचे. ते पुन्हा आले नाहीत आणि त्यांची केळीही.

बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 सांगतं की अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो छापायचा नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही मनावर घेऊ नका. पोट्टं हसलं असेल तर फोटो पुन्हा काढा. केक त्याच्या तोंडात असतानाच विचारा, "बाप कशानं गेला?" यवतमाळकडचं असेल तर कापूस, कर्ज, औषध, तीन शब्दांत उत्तर येतं. तुमचाही वेळ जात नाही.

गावातलं एखादं पोट्टं बालगृहात नसून काकाकडे वाढत असेल, तर त्याचे सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपये येतात, हे पारावर बसून मोजत जा. काकू किती भाकरी थापते ते मोजू नका, त्याचं रजिस्टर नसतं.

हक्काबिक्काची भाषा करणाऱ्यांपासून जरा दूर राहा. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर बघा. दिव्यांग बेवारस लेकरांना त्यांनी स्वतःचं आडनाव दिलं, आणि अठरानंतर यांना बाहेर काढू नका, कायदा करा, असं वर्षानुवर्षं सांगत राहिले. 2024 ला पद्मश्री जाहीर झाली. सत्कार करायला कायदा बदलावा लागत नाही. त्यांची दृष्टिहीन लेक माला पापळकर लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली, तेव्हा तिच्या अभिनंदनाचे फलक लावावेत आणि बाकीच्या पोट्ट्यांना सुनवावं, "पाहा, मनात आणलं तर होते ना!"

आता मीही त्या हक्कवाल्यांतलाच झालोय. पोरांचे अर्ज घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो. 2018 पासून राज्यात अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, पण आधी अनाथ प्रमाणपत्र लागतं. एका पोरीसोबत गेलो होतो. टेबलामागच्या साहेबांनी आईच्या मृत्यूचा दाखला मागितला.

"साहेब, आई कोण हेच माहीत नाही."

"मंग ती मेली कायच्यावरून?"

पोरगी खाली बघत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न मात्र बिनतोड होता, तुम्हीही पाठ करून ठेवा.

एक राहिलं. आमचेही वाढदिवस असतात, भाऊ. बहुतेकांचे 1 जूनला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एकाच ओळीत सगळ्यांना जन्माला घातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, म्हणून कोणी साजरा करत नाही. अठरावा तेवढा कार्यालयाला पाठ असतो. अठरानंतर राहायला अनुरक्षणगृह आहे, 21 वर्षांपर्यंत मदतीची सोय आहे, पण कायदा "देता येईल" म्हणतो, "द्यावीच" म्हणत नाही. माझ्या हाती दाखला दिला, पत्र्याची पेटी दिली आणि यवतमाळच्या गाडीची वेळ सांगितली. रात्री स्टँडवर एका म्हातारीनं विचारलं, "कोणाचा रे तू?" मी स्वागतगीत म्हणायचाच बाकी होतो.

तर 1 जूनला येऊ नका. त्या दिवशी फाटकात फोटो धड येत नाही. पोट्टं पेटी उचलून निघालेलं असतं, पाठमोरंच येतं. तेवढं कलम 74 चं पालन होतं.