‘हप्ते भरू नका’ हा मेसेज आमच्या घरापर्यंत आला, म्हणून हे उत्तर

गेल्या रविवारी चुलतभाऊ पारोळ्याला घरी आला आणि चहा हातात घेत आबांना म्हणाला, "आबा, आते हप्ता भराना नही. समदं माफ होई जाई." त्याची एक पिकअप आहे. हंगामात खेड्यांवरचा कापूस जिनिंगला पोहोचवतो, एरवी मिळेल ते भाडं मारतो. यंदा भाडं निम्म्यावर आलंय. पतसंस्थेचं कर्ज आहे, जामीनदार आमचे आबा. दोन हप्ते थकलेले, तेही पैसे नव्हते म्हणून नाही, तर मेसेजवर विश्वास ठेवून थांबवलेले.

मेसेज सगळ्यांनीच पाहिला असेल. त्यात म्हटलंय: मंदी आली की सरकार पर्सनल लोन माफ करतं, कोरोनात सुप्रीम कोर्टानं व्याज माफ केलंच होतं. तीन हप्ते थांबवले तरी सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, कळत नाही. नंतर अर्ध्या रकमेत सेटलमेंट होते. जामीनदाराला हात लावता येत नाही. आणि शेवटी, ९९९ रुपये भरून ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ घ्या.

आधी कोरोनाचं. थोडं खरं आहे, ते मान्य करतो. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं तीन महिने आणि नंतर आणखी तीन, असे ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. पण ती हप्ता पुढे ढकलायची मुभा होती, व्याज चालूच राहणार हे त्याच परिपत्रकात लिहिलेलं होतं. २३ मार्च २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं संपूर्ण व्याजमाफी स्पष्ट नाकारली. माफ झालं ते फक्त व्याजावरचं व्याज. म्हणजे किती? एक लाख साठ हजार बाकी, दर १४ टक्के, तीनच महिने धरू. साधं व्याज ५,६०० रुपये. व्याजावरचं व्याज साधारण ६५ रुपये. कोर्टानं सोडले ते हे ६५, वरचे ५,६०० भरायचेच होते. हा हिशेब मी भावाला वहीच्या पानावर करून दाखवला, तेव्हा कुठे तो गप्प झाला. शिवाय रिझर्व्ह बँकेची ती मुभा बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी होती. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यांना ते परिपत्रक लागूच नव्हतं.

सरकारी कर्जमाफी म्हणाल तर २०१७ ची आणि २०१९ ची, दोन्ही शेतकऱ्यांच्या शेतीकर्जाच्या. पिकअपच्या, मोबाईलच्या, लग्नाच्या कर्जाला त्यातला एक रुपया मिळाला नाही.

आता ज्या ओळीनं माझं डोकं फिरलं ती. ‘जामीनदाराला हात लावता येत नाही.’ हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात जामीनपत्र वाचलेलं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. पतसंस्थेला तर कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, त्यावर कर्जदाराबरोबर जामीनदाराचंही नाव असतं आणि त्यावरून जप्ती होते. खान्देशात नात्यापोटी, शेजारापोटी सह्या देणारे किती आहेत ते गावोगाव माहीत आहे. पुतण्या आहे, नाही कसं म्हणू, म्हणून आबांनी सही दिली. ७१ वर्षांच्या माणसाच्या घरावर नोटीस लागली तर मेसेज पुढे पाठवणारा येणार आहे का?

सिबिलचं थोडक्यात. जानेवारी २०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती कळवावी लागते. तीन महिने थांबायची गरजच नाही, महिनाभरातच डाग दिसतो. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक खात्यांत जमा. सेटलमेंट होते, पण बँकेच्या मर्जीनं, आणि अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा वर्षानुवर्षं राहतो. मंदीत हे जास्त महागात पडतं, कारण तारण नसलेल्या कर्जावर बँका सर्वांत आधी हात आखडतात. रिझर्व्ह बँकेनं तर नोव्हेंबर २०२३ मध्येच अशा कर्जांवरचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला होता, म्हणजे असं कर्ज द्यायला बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. मग उरतं ते सोनं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतो आपण, पण गहाण ठेवायला प्रत्येकाच्या घरी पोत असते असं नाही.

वसुलीवाल्यांबद्दल मेसेजमध्ये एक बरोबर आहे. बँकेच्या वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता तर मुळीच येत नाही. तक्रार जरूर करा. पण त्यानं देणं संपत नाही.

९९९ चं प्रमाणपत्र ही सरळ फसवणूक. ११ डिसेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं नेमक्या याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला आहे: कर्जमाफीच्या जाहिराती करणारे, फी घेऊन प्रमाणपत्र देणारे, यांना कसलाही अधिकार नाही. भावानं ९९९ भरले होते. तेवढ्यात त्याच्या पिकअपचं डिझेल आलं असतं.

सोमवारी आम्ही तिघं पतसंस्थेत गेलो. एक हप्ता भरला. उरलेल्यासाठी मुदत वाढवून हप्ता लहान करण्याचा लेखी अर्ज दिला, उत्पन्न का घटलं ते भाड्याच्या पावत्या जोडून दाखवलं. व्यवस्थापकांनी संचालक मंडळापुढे ठेवतो म्हणून सांगितलं, होईलच असं नाही म्हणाले. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. ती प्रत आबांनी कपाटात ठेवली आहे.