नायलॉन मागण्याआधी पोराला पतंगाची कन्नी बांधायला शिकवा

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे, पण ज्यांच्या घरात आठ ते चौदा वयाची पोरं आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा.

कोपऱ्यावरच्या दुकानात, नाताळची सुट्टी लागली की वह्या मागे सरकतात आणि पतंगांच्या चळती पुढे येतात ना, तिथं एक गृहस्थ उभे होते. सोबत नऊ-दहा वर्षांचं पोरगं, हातात पतंग आणि तुटलेला दोरा. पोरगं म्हणत होतं, "पप्पा, नुसता गोल गोल फिरतो आणि दोरा तुटतो." पप्पांनी पतंगाकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानदाराला विचारलं, "नायलॉन आहे का? तो तुटत नाही ना." दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "बंद आहे साहेब." मग आवाज खाली आणून, "सात वाजता चक्कर मारा."

राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. नायलॉन आणि कुठल्याही कृत्रिम धाग्याचा मांजा बनवायचा नाही, विकायचा नाही, वापरायचा नाही. तरी सात वाजता चक्कर मारा! आणि गिऱ्हाईक कोण, तर चांगला शिकलासवरलेला बाप. आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडवर हाच माणूस गळ्याला मफलर गुंडाळून गाडी चालवत असेल, कारण नायलॉनची त्यालाही भीती वाटते.

पण खरा संताप दुकानदारावर नाही. त्या पोराचा पतंग मी नीट बघितला. कन्नीची (म्हणजे उडवायचा दोरा जिला जोडतात, त्या पतंगाला बांधलेल्या दोरीची) वरची दोन्ही भोकं काडीच्या एकाच बाजूला, तीही उदबत्तीनं एवढी मोठी जाळलेली की कागद काडीपासून सुटला होता. खालची गाठ पार शेपटाजवळ. वरची दोरी खालच्यापेक्षा चांगली चार बोटं लांब. असा पतंग वाऱ्याला छाती देऊन उभा राहतो, वर चढत नाही, नुसता ओढतो आणि भिरभिरतो. त्या ओढीनं सुती दोरा तुटणारच. दोष कन्नीचा आणि शिक्षा दोऱ्याला. मग बाप म्हणणार, न तुटणारा दोरा द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या शहरात नायलॉन घरात येतो तो या दारानं. आपण पोरांना पतंग घेऊन देतो, पण उडवायला शिकवत नाही.

म्हणून आता सगळं सविस्तर सांगतो.

दुकानातला नको, घरीच बनवा. ४५ सेंमी चौरस पतंगी कागद घ्या. टोकावर उभा धरला की वरून खालपर्यंत साधारण ६४ सेंमी भरतो. उभी काडी तेवढीच, बांबूची, सरळ, वरून खालपर्यंत सारख्या जाडीची. कमानीची काडी बारीक आणि ७२ सेंमी. तिची दोन टोकं डाव्या-उजव्या कोपऱ्यांवर बसवायची आणि मधला भाग उभ्या काडीवर, वरच्या टोकापासून १७ सेंमीवर टेकवायचा. कागदाच्या बारक्या पट्ट्या खळीनं चिकटवून टोकं धरून ठेवायची. खळ मैद्याची, दोन चमचे मैद्याला अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर सतत ढवळत. गुठळ्या राहिल्या की त्याच जागी कागद फुगतो.

कमान हीच मुख्य गोष्ट. बांबू मिळाला नाही की पोरं खराट्याचा हीर वापरतात. चालतो, पण हीर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता असतो. बारीक बाजू जास्त वाकते आणि पतंग कायम एकीकडेच फिरतो. उपाय सोपा आहे. दोन हीर उलटसुलट ठेवायचे, एकाचं जाड टोक दुसऱ्याच्या बारीक टोकाशी, आणि तीन-चार ठिकाणी दोऱ्यानं घट्ट बांधायचे. बांबू असेल तर जाड बाजू सुरीनं हलकी तासायची. पोराच्या हातात सुरी देऊ नका, तेवढं तुम्ही करा. पतंग तयार झाला की उभी काडी बोटावर आडवी तोलून बघा. जी बाजू खाली जाईल ती जड. मग हलक्या बाजूच्या टोकाला कागदाची पट्टी किंवा दोऱ्याचे चार वेढे. पाच मिनिटांचं काम आहे हो.

आता कन्नी. चार भोकं, सुईनं. उदबत्तीनं पाडायचीच असतील तर टोक नुसतं टेकवून लगेच उचलायचं. वरची दोन भोकं जिथं कमान आणि उभी काडी एकमेकांना छेदतात तिथं, समोरासमोरच्या कोनांत, म्हणजे दोरा तिरका जाऊन दोन्ही काड्यांना एकत्र आवळेल. त्या पोराच्या पतंगात नेमकं हेच नव्हतं. खालची दोन भोकं उभ्या काडीच्या दोन बाजूंना, खालच्या टोकापासून १७ सेंमीवर. दोन्हीकडचे दोरे ओढून पतंगाच्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत आणायचे. या मापाच्या पतंगात वरची आणि खालची दोरी तिथं बरोबर सारखी येते. आता वरची अर्धं बोट आखूड करायची आणि गाठ मारायची. पतंग फार भिरभिरला तर वरची आणखी थोडी आखूड. नाक खाली घालून फडफडायला लागला, दोऱ्याला ओढच लागेना, तर ती जास्त आखूड झालीय, थोडी सोडा. एवढं समजलं की निम्मी पतंगबाजी आली.

पहिल्या दिवशी शेपूट लावा. पतंगाच्या उंचीच्या तिप्पट लांब, जुन्या सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी. काटाकाटीत शेपूट अडचण करतं हे खरं, पण शिकणाऱ्याला पतंग हवेत टिकलेला दिसला पाहिजे, नाहीतर पोरगं दहाव्या मिनिटाला मोबाईलकडे जातं. आणि फाटला तर सेलोटेप नको, जड होते. भाताचं शीत आणि कागदाचा तुकडा पुरतो.

उडवताना पळू नका. छतावर तर अजिबात नाही. कोणीतरी पतंग धरून पंधरा-वीस पावलं लांब, वारा जिकडं वाहतोय त्या बाजूला, उभं राहायचं. दोरा ताणून घ्यायचा, वाऱ्याची झुळूक आली की त्यानं सोडायचा, आपण हातानं दोन-तीन लांब खेचा घ्यायच्या. मग एकच गोष्ट शिकवायची: दोरा ढिला सोडला की पतंग फिरतो, आणि नाक ज्या दिशेला असेल त्या क्षणी खेचलं की तिकडं जातो. वर नाक, खेच, वर जाईल. खाली नाक असताना घाबरून खेचलं की जमिनीवर. सगळी पोरं इथंच चुकतात, गोत खाताना जोरात ओढतात. त्या वेळी ढील द्यायची, नाक वर फिरेपर्यंत थांबायचं. हे ज्याला जमलं त्याला न तुटणारा दोरा लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी थंडी असते आणि वारा पडलेला असतो. दहा-अकरानंतर ऊन तापलं की वारा उठतो, संध्याकाळी पुन्हा बसतो. म्हणजे उडवायची वेळ साडेदहा ते चार. पक्षी सकाळी लवकर आणि सूर्य मावळताना थव्यानं ये-जा करतात, तेवढा वेळ आकाश त्यांचं. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा. हिवाळ्यात तिथं हजारो मैलांवरून पक्षी येतात. तिकडं दुर्बिणी घेऊन जाणारे आपणच आणि घरी पोराच्या हातात नायलॉन देणारेही आपणच? मला हे खरंच सहन होत नाही.

सुती दोरा झाडावर अडकला तर पावसाळ्यात कुजतो. नायलॉन वर्षानुवर्षं लटकत राहतो. पक्षी जितका धडपडतो तितका तो पंखात रुततो. कुठं अडकलेला दिसलाच तर दोरा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, पंखातला तसाच राहू द्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

कोणी म्हणेल सुती मांजालाही काच असते, त्यानंही कापतं. कापतं. म्हणून लहान पोरांना साधा दोराच द्या, काच नाही, आणि पहिल्या बोटाला चिकटपट्टी लावा. कोणी म्हणेल चार घरं सोडून पलीकडच्या गच्चीवर नायलॉनवाले असले की आपला पतंग पहिल्याच पेचात जातो. जातो, मान्य. जाऊ दे की! दोन काड्यांचा पतंग आहे, दुसरा बनवायचा.

येवल्याकडे बघा. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर, हलकडीचं वाद्य वाजतंय, हातात बांबूच्या काड्यांची आसारी, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी. आपल्याच जिल्ह्यात. नायलॉन बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून तिथली माणसं सुती मांजावर काटाकाटी करत आली आहेत. आसारीवर दोरा सोडायचा आणि गुंडाळायचा वेग हाताला यावा लागतो, तो विकत मिळत नाही. तिथल्या घरांत बाप पोराच्या हातात आसारी देतो तेव्हा शेजारी उभा राहतो.

दुकानातल्या त्या पप्पांवर मघापेक्षा राग थोडा कमी झालाय, लिहिता लिहिता. कदाचित त्यांनाही कुणी शिकवलं नसेल. फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला गच्ची कुठली आणि दोरा धरणारा काका कुठला. पोरगं मात्र शिकायला तयार होतं. पतंग उलटा करून भोकांकडे बघत होतं, नक्की काय चुकलंय ते शोधत होतं. त्याला एक सुई आणि पंधरा मिनिटं हवी होती. त्या पंधरा मिनिटांऐवजी आपण त्याला सात वाजता चक्कर मारायला शिकवतोय, लपूनछपून बेकायदा वस्तू आणायला. यावर मात्र राग तसाच आहे.

सोसायट्यांनाही सांगायचंय. गच्चीला कुलूप लावून प्रश्न सुटत नाही, पोरं रस्त्यावर आणि विजेच्या तारांखाली उडवतात. कठडा छातीएवढा असेल तर दुपारी दोन तास गच्ची उघडा, एक मोठा माणूस तिथं थांबवा. कठडा नसेल तर मैदानावरच न्या. तारेत अडकलेला पतंग काठीनं काढायचा नाही, सोडून द्यायचा, हे पोरांकडून दोनदा वदवून घ्या.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर पोरांना घेऊन या. कागद, बांबूच्या काड्या आणि खळ माझ्याकडे आहे. तुम्ही सुई, कात्री, सुती दोऱ्याची एक रीळ आणि जुन्या धोतराची किंवा ओढणीची पट्टी आणा. आई-बाबांपैकी एकानं तरी थांबायचं, पोराला सोडून बाजारात जायचं नाही. नायलॉनची रीळ घरात असेल तर तीही घेऊन या. बारीक तुकडे करून पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यायची आहे, तशीच टाकली तर कावळे उचलतात. किती पोरं येणार ते शनिवारी रात्रीपर्यंत खाली लिहा, त्या हिशेबानं काड्या तासून ठेवतो.