टोबाच्या राखेत भारतातली माणसं संपली?
‘सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीने ७४,००० वर्षांपूर्वी भारतातला माणूस नामशेष केला,’ असा मेसेज फिरतोय. स्फोट खरा, राख इथवर आली हेही खरं. पुढचं मात्र ओढूनताणून. आंध्रातल्या ज्वालापुरमला दगडी हत्यारं राखेच्या थराखालीही सापडली आणि वरही. घडण बरीचशी तीच. मध्य प्रदेशात सोन नदीकाठी ढाबा (जेवणाचा नव्हे, ठिकाणाचं नाव) इथे गाळातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, म्हणजे ते कधी गाडले गेले, ते मोजलं: सुमारे ८०,००० ते ६५,००० वर्षांपूर्वीच्या थरांत हत्यारं सलग आहेत. ती हत्यारं आपल्याच पूर्वजांची, म्हणजे आधुनिक मानवाची का, हा वाद वेगळा. सोबत माणसांची हाडं मिळालेली नाहीत. आणि पुणे जिल्ह्यातल्या बोरी गावची ज्वालामुखीची राख पुरावा म्हणून जोडू नका, ती याच स्फोटाची का, म्हणजे तिच्या वयावरच भूशास्त्रज्ञांचं जुनं भांडण आहे.