तिकडे सगळे हाताने करतात म्हणे

गणपती जवळ आले की आमच्या फॅमिली ग्रुपवर मखराचं भांडण ठरलेलं. एक पार्टी म्हणते घडीचं मखर ऑनलाइन मागवा, तासाभरात उभं राहतं, पुढच्या वर्षी परत वापरा, चाकरमानी आदल्या दिवशी गाडीतून उतरणार आणि कधी करणार डेकोरेशन. दुसरी पार्टी म्हणते घरचा गणपती आहे, आपल्या हातानेच करायचं, रील बघा, डीआयवाय करा, किट मिळतं. आणि दोन्हीकडचे दमले की कोणीतरी मला टॅग करतं, हा बघा जर्मनीत आहे, तिकडे लोक सगळं हाताने करतात, सांग रे यांना जरा.

तर सांगतो, पण ऐकून दुसऱ्या पार्टीने लगेच खूश व्हायचं नाही.

तिकडे म्हणजे इकडे ड्रेस्डेनला, लोक करतात हे खरंय. भिंत रंगवतात, फळ्या ठोकतात, कपाटं जोडतात, पडदे शिवतात. पण त्यात हौस किती आणि गरज किती ते बघा. कारागीर घरी बोलावला तर तासाचे 50-60 युरो सहज होतात, वर त्याच्या येण्याजाण्याचे वेगळे, आणि तोही तीन आठवड्यांनी येणार. मग माणूस शिकतोच. हार्डवेअरची अवाढव्य दुकानं आहेत, तिथे माप सांगितलं की मशीनवर फळी कापून देतात, घरी येऊन फक्त स्क्रू पिळायचे. घराघरात ड्रिल मशीन, आणि ते रविवारी चालवायचं नाही, रविवार म्हणजे शांततेचा दिवस, चालवलंत तर शेजारी बेल वाजवणार. याला संस्कृती बिंस्कृती म्हणत असाल तर म्हणा, मला तरी यात मजुरीचा रेट दिसतो.

आपल्याकडे मालवण-कुडाळ पट्ट्यात सुतार आहे, बुरूड आहे, वाडीत एखादा तरी हात चांगला असलेला माणूस आहे आणि त्याचा दिवसाचा रोज इथल्या एका तासापेक्षा कमी आहे. तिथे जाऊन 'परदेशात बघा स्वतः करतात' म्हणायचं म्हणजे त्या माणसाचा रोज वाचवायचा आणि ते पैसे ग्लू गन, ग्लिटर शीट आणि कुरियरवर घालायचे. हे मला पटत नाही. हौसेला ना नाही, पण मग त्याला काटकसर नका म्हणू.

इकडची खरोखर उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. 11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस असतो, त्या सुमाराला बालवाडीतली पोरं कागदाचे कंदील करतात आणि संध्याकाळी अंधार पडला की ते काठीला लावून रस्त्याने गाणी म्हणत फिरतात. आदल्या आठवड्यात आईबापांना शाळेत बोलावतात, त्या एवढ्याशा खुर्च्यांवर गुडघे छातीला लावून बसायचं आणि पोराबरोबर कागद चिकटवायचा. कंदील कसले होतात म्हणून विचारू नका, कोणाचा डोळा खाली, कोणाचं कोल्ह्याचं मांजर झालेलं, एकाची बाजूच उघडी राहिलेली. तसेच घेऊन जातात. नंबर नाही, बक्षीस नाही, फोटोसाठी बाजारातला आणून दिलेला मी तरी बघितला नाही. आणि आपल्याकडे शाळेचा प्रोजेक्ट म्हणजे रात्री दहाला स्टेशनरीवाल्याचं शटर ठोठवायचं, आई कापणार, बाबा चिकटवणार आणि पोरगं शेजारी झोपलेलं. मोठेपणी तेच पोरगं 'माझा हात चांगला नाही' म्हणतं. कसा असणार, त्याला वाकडंतिकडं करूच दिलं नाही कोणी!

आता किटबद्दल. सरसकट शिव्या मी घालणार नाही, कारण इथून जवळच हेर्नहुट नावाचं गाव आहे, तिथला कागदी तारा ख्रिसमसच्या आधी महिनाभर घराघरात लटकतो. तोही किटच. चार बाजूंची 17 टोकं आणि तीन बाजूंची 8, मिळून 25, पिना लावून घरी जोडायची. मूळ तारा 19 व्या शतकाच्या सुरुवातीला मोरेवियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमितीच्या तासाला करायला लागले. पण लोक हा तारा जानेवारीत उकलून खोक्यात ठेवतात, पुढच्या वर्षी परत जोडतात, टोक फाटलं तर एक सुटं टोक विकत आणतात. आपल्या ऑनलाइन किटमध्ये काय येतं, चार फोमची फुलं, चिकट टेप आणि न समजणारा कागद, दुसऱ्या वर्षी गोठ्याच्या माळ्यावर. थर्माकोल 2018 पासून राज्यात बंद आहे म्हणतात आणि त्याच्या जागी हे फोम घेऊन बसलोय, काय बदललं? म्हणून घडीच्या पुठ्ठ्याच्या मखरावर माझा काही राग नाही, चार-पाच वर्षं टिकलं तर ते या फोमच्या डीआयवायपेक्षा बरंच म्हणायचं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर चुलतभावाने एका ओळीत निकाल लावला. 'तुका थय बसान सांगूक बरा वाटता, हयसर पावसात कागद लावलो की दोन दिवसात खाली येता.'

आणि त्याचं बरोबर आहे. व्हिडिओवाले हवेचा हिशेबच धरत नाहीत. इकडे हिवाळ्यात हीटरने खोली एवढी कोरडी होते की पांढरा गोंद बघता बघता वाळतो. कोकणात भाद्रपदात तोच गोंद वाळायला दिवस घेतो, कारण त्यातलं पाणी उडून गेलं तरच तो धरतो आणि हवेत आधीच पाणी भरलेलं. कार्डशीट वळतं, क्रेप कागदाचा रंग भिंतीला लागतो. ग्लू गनचं तसं नाही, ती वितळलेली प्लास्टिकची कांडी, थंड झाली की धरते, म्हणून पावसात चालते, फक्त जागा कोरडी पुसून घ्यायची आणि पोरांच्या हातात द्यायची नाही.

म्हणून मला कोणी नवीन माणूस विचारतो कुठून सुरुवात करू, तर मी म्हणतो गणपतीपासून करूच नको, दिवाळीच्या कंदिलापासून कर. दसऱ्यानंतर हवा सुकायला लागते, कागद ताणून बसतो. चांदणी कर. बांबूच्या एकाच मापाच्या दहा कामट्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या सुती दोऱ्याने बांधायच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोकं जखडायची, आणि मध्ये जिथे कामट्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागी आखूड काड्या आडव्या घालायच्या की पोट फुगतं. मग पतंगाचा कागद. गोंद पण नको, मैद्याची खळ कर, कागद जरा ढिला लावलास तरी वाळताना ओढून घेते. आत एलईडी लाव, जुना बल्ब तापतो. माणगा बांबू परसात असेल तर उत्तमच, पावसात तोडलेल्या बांबूला कीड लवकर लागते आणि तो भुसा पाडतो, पण एका दिवाळीपुरता असेल तर कोणाला पडलंय. कोयतीने कामटी काढणं मात्र बघून येत नाही, कोणाच्या तरी शेजारी बसावं लागतं, पातं गाठीवर अडकलं की मनगट कसं फिरवायचं ते रीलमध्ये दिसत नाही.

किंवा करवंटी घ्या. ती काय घरात रोजच निघते. काथ्या खरवडायचा, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग 120, मग 220, आणि शेवटी खोबरेल तेलाचा बोळा. काळा तुकतुकीत रंग वर येतो, बाहेरून काही लागत नाही. (समुद्रावरचे शंख मात्र पोत्याने गोळा करत बसू नका, त्यातले काही वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.)

गंमत म्हणजे ग्रुपवरच्या या भांडणात माटवीचं नाव कोणी काढत नाही. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारी, शिवाय कवंडाळ, कांगलं, तेरडा, हरण अशी रानातली फळं-फुलं बांधायची, हे आपल्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरचीच माणसं करतात. रानातून कोणी आणायचं, वर चढून कोणी बांधायचं हेही ठरलेलं. याला आपण डेकोरेशन धरतच नाही, डेकोरेशन म्हणजे पाठचा पडदा आणि लायटिंग. पावसाने माटवी सुटत नाही, ओल्या हवेत उलट ताजी राहते. मखर घडीचं आणा नाहीतर साडीचा पडदा लावा, पण हात चालवायची हौस असेल तर ती तिथे पुरवा ना, आणि पोरांना कवंडाळ आणि कांगलं कुठे मिळतात ते दाखवायला बरोबर न्या.

अजून एक गोष्ट इकडची. जवळपास प्रत्येक शहरात मोठ्या माणसांसाठी सरकारी मदतीवर चालणारे वर्ग असतात, पहिल्या महायुद्धानंतर 1919 च्या सुमाराला त्यांचं पेव फुटलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सुतारकाम, टोपल्या विणणं, पुस्तकं बांधणं, फी माफक, शिकवणाऱ्याला मानधन. आपल्याकडे शिकवणारे कमी नाहीत. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं-खेळणी रंगवणारे हात आहेत, दशावतारी गंजिफाची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची, 120 पानं रंगवायची कला राजवाड्यात धरून ठेवलीय, तिची पानं पूर्वी चिंचोक्याच्या खळीवर तयार व्हायची. पण आपण तिथे जातो ते लाकडी आंबा विकत घ्यायला आणि भाव करायला. तासभर बसून शिकतो, शिकवण्याचे पैसे देतो, असं म्हणणारा विरळा.

हेही ग्रुपवर टाकलं. वाडीतल्या ज्या काकांना कामट्या काढता येतात त्यांना दसऱ्यानंतर एक रविवार शाळेच्या पडवीत बसवा, आपल्यातली सात-आठ पोरं आणि येतील ती मोठी माणसं, काकांना पूर्ण दिवसाचा रोज, वर जेवण. चुलतभाऊ म्हणाला रोज कोण देणार. मी म्हटलं पहिल्या वर्षी मी देतो, पुढच्या वर्षी घडीच्या मखरवाल्या पार्टीने द्यावा, त्यांचे पैसे वाचलेत. त्यावर आत्तेने अंगठा टाकलाय, वैनीने विचारलंय पोरांना कोयती लागली तर, आणि काका म्हणे विचारतायत जेवणाक मासे आसत काय.