फायबरच्या टोकाला डोळा लावू नका

फायबर, म्हणजे इंटरनेट आणि फोनचे सिग्नल प्रकाशाच्या रूपात वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू. ‘फायबरचे विज्ञान सोप्या भाषेत’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे. बारावीतल्या भाचीने तो मला पाठवला आणि “मामा, हे पेपरात लिहिलं तर चालेल ना?” असे विचारले, तेव्हा गप्प राहणे अशक्य झाले. संदेशानुसार फायबर म्हणजे आतून आरशाचा लेप दिलेली पोकळ काचेची नळी. प्रकाश तिच्यात आपटत जातो व बाहेर जराही येत नाही. वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर असल्याने विलंब होतच नाही. आणि फायबर चालू आहे का हे टोकात डोळ्याने पाहून ठरवावे, उजेड नसल्यास ते बंद समजावे.

हा शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातक आहे. दूरसंचारातला प्रकाश अवरक्त असतो. त्याची तरंगलांबी बहुधा १३१० ते १५५० नॅनोमीटर असते आणि आपली दृष्टी साधारण ७०० नॅनोमीटरपाशीच संपते. म्हणजे चालू फायबरचे टोकही काळेच दिसणार. प्रकाश दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही, आणि १३१० नॅनोमीटरचा प्रकाश तर दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. घरी येणाऱ्या फायबरमधली शक्ती सहसा अगदी कमी असते हे खरे; पण प्रवर्धक (प्रकाशाची शक्ती वाढवणारे यंत्र) लावलेल्या लांब पल्ल्याच्या मार्गावर ती कितीतरी पट जास्त असते, आणि हातातले टोक कुठल्या मार्गाचे आहे हे त्याच्यावर लिहिलेले नसते. तंत्रज्ञ तुटलेली जागा शोधायला लाल लेझर सोडतात, तो मात्र दिसतो. बहुधा तेच पाहून कोणीतरी हा शोध लावला असावा. सिग्नल मोजायला पॉवर मीटर असतो, डोळा नव्हे.

आरशाच्या लेपाचा हिशेब तर दोन ओळींत उरकतो. दर परावर्तनात फक्त ५ टक्के प्रकाश वाया गेला, तरी १०० परावर्तनांनंतर १ टक्काही उरत नाही. प्रत्यक्षात नेहमीचे फायबर भरीव असते: काचेचा गाभा आणि त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाचे, म्हणजे प्रकाशाला जरा कमी वळवणारे, काचेचेच आवरण. या फरकामुळेच प्रकाश गाभ्यात धरून ठेवला जातो. प्रकाशाचा क्षय, म्हणजे वाटेतली घट, मुख्यतः काचेतल्या अशुद्धींमुळे होतो आणि तो किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत (डेसिबल हे घटीचे माप; ३ डेसिबल म्हणजे निम्मा प्रकाश गेला) आणला तर दूरसंचार शक्य आहे, हे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या अभियंत्यांनी १९६६ मध्ये मांडले. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले ते याच कामासाठी. आज तो क्षय किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल आहे, म्हणजे १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

‘बाहेर जराही येत नाही’ हेही खरे नाही. लांब पल्ल्यासाठी वापरतात त्या सिंगल मोड फायबरचा गाभा ८-९ मायक्रोमीटरचा, म्हणजे जेमतेम पाच-सहा तरंगलांबींएवढा असतो. इतक्या अरुंद जागेत आपटत जाणाऱ्या किरणाचे चित्र लागूच पडत नाही (जाड गाभ्याच्या मल्टिमोड फायबरला ते बऱ्यापैकी पडते). तिथे तरंगाचा एक ठरावीक आकार, म्हणजे मोड, पुढे सरकतो आणि त्याच्या कडा आवरणात पसरलेल्या असतात. १५५० नॅनोमीटरला या मोडचा व्यास १० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे गाभ्याहूनही मोठा असतो. फायबर जास्त वाकवले की याच कडांतून प्रकाश गळतो. तंत्रज्ञ फायबर एका चिमट्यात धरून किंचित वाकवतात आणि त्या गळतीवरून, काहीही न कापता, आत सिग्नल आहे की नाही हे ओळखतात.

पोकळ गाभ्याचे फायबर असते, हे नाइलाजाने मान्य करतो. पण तिथेही आरशाचा लेप नसतो, तर भोवतीच्या काचेच्या सूक्ष्म रचनेतले व्यतिकरण (प्रकाशाच्या लहरींचे एकमेकींत मिसळणे) प्रकाशाला आत ठेवते. ३ लाखांचा आकडाही फार तर त्यालाच शोभेल. भरीव काचेत वेग सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजे १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात आणि उत्तर परत यायला आणखी ५.