एमआरआयमध्ये मेनिस्कस (गुडघ्याच्या सांध्यातली गादी) फाटलेला दिसला, म्हणून लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन?

आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आलाय: "एमआरआयमध्ये मेनिस्कस फाटलेला दिसला की महिन्याभरात दुर्बिणीने शिवून घ्या. उशीर केलात तर सांधाच बदलावा लागेल." मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे वाचून धास्तावलेली माणसं फिल्मचं पाकीट छातीशी धरून माझ्याकडे येतात, म्हणून लिहितेय.

'दिसला की' इथेच पहिली चूक आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्याचा एमआरआय काढला होता. २००८ साली निष्कर्ष आले. मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता! वयाबरोबर ही गादी विरत जाते, जुन्या लुगड्यासारखी. परवा एका मावशींना म्हटलं, दुखतं तिथे बोट ठेवा. रिपोर्टमधली फाट आतल्या बाजूला, मागे; त्यांचं बोट वाटीवर.

आता 'शिवून घ्या'. मेनिस्कसला रक्त मिळतं ते बाहेरच्या कडेला. आतला विरलेला भाग शिवला तरी सहसा सांधत नाही, म्हणून या वयात बहुतेकदा फाटकी कड कापूनच टाकतात. त्याने तरी आराम पडतो का? फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, अशीच झिजून फाट पडलेल्या १४६ रुग्णांना दुर्बीण घातली. काहींची कड कापली, बाकीच्यांची नुसती कापल्याची बतावणी केली. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता. हे २०१३ सालचं. पाच वर्षांनी पाहिलं तर कापलेल्यांच्या एक्स-रेत झीज किंचित जास्तच. मग उशिराने सांधा जातो, ही भीती कशाच्या जोरावर घालायची? मावशींना मी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, तीन महिने नेमाने करायचे.

घाई करायची वेळ वेगळी असते. मागे कबड्डी खेळणारा एक मुलगा आला. पाय पिळवटला आणि गुडघा अडकला. गुडघा सरळच होईना: टाच पलंगाला टेकलेली, तरी गुडघ्याखालून माझी मूठ आरपार जात होती. फाटलेला तुकडा उलटून सांध्यात अडकला की असं होतं. त्याला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. फाट कडेजवळ होती, टाके घालता आले. आता चार महिने उकिडवं बसायचं नाही, हे त्याच्या आईलाही बजावून ठेवलंय.